हातातोंडाची गाठ : गिरणी-कामगाराच्या मोठ्या कुटुंबातील बालपण

१. प्रश्नाचे स्वरूप

एकाच आईबापांची, एकाच खोलीत वाढलेली पाच भावंडे आपल्या बालपणाविषयी बोलू लागली, की ती पुष्कळदा पाच निरनिराळ्या घरांची हकीकत सांगत आहेत असा भास होतो. थोरल्याच्या आठवणीत वाण्याची थकलेली उधारी, गहाण पडलेली भांडी आणि मध्येच सुटलेली शाळा असते. शेंडेफळाच्या आठवणीत दिवाळीचे नवे कपडे असतात, आणि दादाने परीक्षेची फी भरली हा कृतज्ञ उल्लेख असतो. दोघेही खरेच सांगत असतात. बापाची गिरणी तीच, खोली तीच, आईची काटकसर तीच. मग बालपणे दोन का व्हावीत?

या भेदाचे कारण स्वभावात किंवा आईबापांच्या पक्षपातात शोधण्याचा प्रघात आहे. ते कारण अगदीच खोटे असते असे नाही. तथापि या भेदामागे एक आर्थिक नियम आहे, आणि तो कोणाच्या इच्छेवर अवलंबून नाही. कुटुंबाचे दारिद्र्य ही स्थिर राशी नसून ती वर्षानुवर्षे चढणारी व उतरणारी रेषा आहे. त्या रेषेच्या कोणत्या टप्प्यावर मूल जन्मास आले, यावर त्याच्या वाट्याला येणारे बालपण बव्हंशी ठरते. मुंबईच्या गिरणगावातील कामगार-कुटुंबे डोळ्यांपुढे ठेवून या नियमाचे स्वरूप स्पष्ट करणे आणि त्याचा भार कोणी उचलला हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. सरासरीत न दिसणारे घर

गिरणी-कामगारांच्या घरखर्चाची पहिली मोठी पद्धतशीर पाहणी मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ साली केली. तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. २,४७३ कुटुंबांच्या जमाखर्चावर आधारलेल्या या अहवालात कुटुंबाची सरासरी मासिक प्राप्ती ५२ रुपये ४ आणे ६ पै अशी दिली आहे. खर्चापैकी ५६·८ टक्के भाग अन्नावर, ९·६ टक्के कपड्यांवर, ७·७ टक्के भाड्यावर आणि ७·४ टक्के सरपण व दिवाबत्तीवर होत असे. शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. शेकडा ४७ कुटुंबे कर्जात होती, आणि रुपयाला दरमहा एक आणा हा व्याजाचा दर सर्रास प्रचलित होता. म्हणजे वर्षाला शेकडा ७५ !

अभ्यासकाच्या दृष्टीने या अहवालाचे मोल फार आहे. परंतु त्यातील एका आकड्याजवळ थांबणे अवश्य आहे. मुंबईत प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबाची सरासरी संख्या त्यात केवळ ४·२ आहे. यावरून गिरणी-कामगाराचे कुटुंब लहान असे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. या सरासरीत नुकतेच बिऱ्हाड थाटलेले जोडपे आहे, चार-पाच लेकरांचा संसार आहे आणि मुले पांगल्यावर उरलेले म्हातारा-म्हातारीही आहेत. शिवाय गावी ठेवलेली माणसे खोलीतील शिरगणतीत येत नाहीत. सरासरी ही निरनिराळ्या अवस्थांतील अनेक कुटुंबांचे एका क्षणी घेतलेले छायाचित्र असते. एकाच कुटुंबाने वीस-पंचवीस वर्षांत कोणते चढउतार अनुभवले, हे त्या छायाचित्रात उमटत नाही. आणि मूल तर त्या चढउतारांतच वाढत असते.

३. राउंट्रीने मांडलेले चक्र

हे चढउतार प्रथम शास्त्रीय रीतीने दाखवून देण्याचा मान इंग्लंडमधील सीबोम राउंट्री याच्याकडे जातो. यॉर्क शहरातील ११,५६० कामगार-कुटुंबांची घरोघर पाहणी त्याने १८९९ साली केली व तिचे निष्कर्ष १९०१ साली प्रसिद्ध केले. शहराच्या लोकसंख्येपैकी २७·८४ टक्के लोक दारिद्र्यात आहेत असे त्यास आढळले. त्यांपैकी ज्यांची सर्व प्राप्ती काटेकोरपणे खर्च केली तरी निव्वळ शारीरिक गरजा भागू शकत नाहीत, अशांच्या दारिद्र्यास त्याने 'प्राथमिक दारिद्र्य' म्हटले. या प्राथमिक दारिद्र्याच्या कारणांची त्याने केलेली वाटणी लक्षणीय आहे. जवळजवळ ५२ टक्के लोकांच्या बाबतीत, मिळवता माणूस नियमित कामावर असूनही मजुरीच अपुरी होती. आणि २२·१६ टक्क्यांच्या बाबतीत कारण होते कुटुंबाचा मोठेपणा, म्हणजे चारांहून अधिक मुले. आळस वा व्यसन ही दारिद्र्याची मुख्य कारणे आहेत ही तत्कालीन समजूत या आकड्यांपुढे टिकू शकली नाही.

परंतु राउंट्रीचे त्याहून महत्त्वाचे प्रतिपादन निराळे आहे. मजुराच्या आयुष्यात ओढगस्त व तुलनेने सुस्थिती यांचे पाच आलटते कालखंड असतात, असे त्याने दाखविले. तो स्वतः मूल असताना ओढगस्त. तो व त्याची भावंडे मिळवू लागली की थोडी सुस्थिती. लग्नानंतर मुले होऊ लागली की पुन्हा ओढगस्त. मुले मिळवती झाली की पुन्हा सुस्थिती. आणि अखेर ती वेगळी झाल्यावर व अंगातील बळ सरल्यावर वार्धक्यातील ओढगस्त. याचा अर्थ असा की, आज जे दारिद्र्यरेषेच्या वर दिसतात त्यांपैकी अनेक जण काल खाली होते व उद्या खाली जाणार आहेत. ओढगस्तीच्या या तीन कालखंडांपैकी पहिला, म्हणजे बालपणाचा, हाच असा आहे की त्यात माणसास स्वतःच्या स्थितीवर काहीही उपाय करता येत नाही. आणि त्याच काळात त्याची हाडे व बुद्धी घडत असते.

४. शेतकऱ्याचे घर आणि कामगाराचे घर

राउंट्रीच्या चक्राला एक गणिती रूप देता येते. रशियन अर्थशास्त्रज्ञ चायानॉव्ह याने शेतकरी-कुटुंबाच्या अर्थव्यवहाराचे विवेचन करताना खाणाऱ्यांचे मिळवत्यांशी असलेले गुणोत्तर मध्यवर्ती मानले. त्याचा या विषयावरील प्रमुख ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. घरात लहान मुले वाढत गेली की हे गुणोत्तर चढते आणि ती कामाला लागली की उतरते. गुणोत्तर चढते तसा शेतकरी अधिक कष्ट करतो, असे त्याचे म्हणणे होते. तो अधिक जमीन खंडाने घेतो, पहाटे लवकर उठतो, ज्या कामाचा मोबदला अगदी थोडा तेही अंगावर घेतो. आपल्या श्रमाचे माप काही अंशी तरी त्याच्या हाती असते.

कामगाराच्या घरी गुणोत्तर तसेच चढते, पण उपाय मात्र तो राहत नाही. गिरणीचा भोंगा सर्वांसाठी एकाच वेळी वाजतो. घरी दोन मुले असोत वा सहा, पाळी तेवढ्याच तासांची आणि पगार तेवढाच. साच्यावर काम करणाऱ्यास उक्ते दर असले तरी सूत, यंत्राचा वेग आणि पाळीचे तास यांनी त्याच्या कष्टाला वरची मर्यादा घातलेली असते. बदली कामगारास तर महिन्यातून किती दिवस काम मिळेल याचीही शाश्वती नसे. सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहावे, जॉबरची मर्जी असली तर आत जावे, नाहीतर घरी परतावे, असा त्याचा क्रम असे. सारांश, शेतकऱ्याला मिळवत्या हातांचे श्रम वाढविता येतात. कामगाराला केवळ मिळवत्या हातांची संख्याच वाढविता येते. ती वाढविण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे थोरले मूल. कामगार-कुटुंबातील बालपणाचा सर्व प्रश्न या एका भेदातून उद्भवतो.

५. एक नमुन्याचे कुटुंब

हा मुद्दा एका कल्पित कुटुंबाच्या आधारे तपासून पाहता येईल. मापासाठी भारतीय वेतनविचारात रूढ असलेली परिमाणे घेऊ : पुरुषाचे उपभोग-एकक १, स्त्रीचे ०·८ व मुलाचे ०·६. अर्भक व बारा वर्षांचा मुलगा यांस एकच माप लावणे स्थूल आहे. परंतु नियमाची दिशा दाखविण्यास ते पुरेसे आहे.

लग्नानंतर दुसऱ्या, पाचव्या, आठव्या, अकराव्या व चौदाव्या वर्षी अशी पाच मुले झाली असे समजू. लग्नाच्या वेळी घरात १·८ एकके व एक मिळवता हात आहे. चौदाव्या वर्षी, पाचवे मूल जन्मते तेव्हा, १·८ अधिक पाच मुलांची ३, अशी ४·८ एकके झाली. मिळवता हात मात्र अद्याप एकच. या वर्षी थोरल्या मुलाचे वय बरोबर बारा आहे.

आता पुढील बारा वर्षे ओलांडून सव्विसाव्या वर्षी जाऊ. आता शेंडेफळ बारा वर्षांचे आहे. थोरला चोवीस, दुसरा एकवीस व तिसरा अठरा वर्षांचा असून तिघेही कामास लागले आहेत; चौथा पंधरा वर्षांचा आहे. तिन्ही मुलगे धरले तर त्यांची एकके ३, आईबापांची १·८ आणि धाकट्या दोघांची १·२, मिळून ६ एकके झाली. मिळवते हात चार. दर हातामागे दीड एकक पडते.

थोरला बारा वर्षांचा होता तेव्हा एका हातावर ४·८ एककांचा भार होता. धाकटा बारा वर्षांचा झाला तेव्हा तो दीड आहे. मुलांची कमाई बापाच्या कमाईहून कमी धरली तरी अंतर थोडेथोडके उरत नाही. बाप तोच, घर तेच. पण शाळेत राहावे की कामास लागावे हे ज्या वयात ठरते, त्या वयात दोघांच्या घरची स्थिती दोन निराळ्या वर्गांतील कुटुंबांइतकी भिन्न आहे. शिवाय ही सुस्थिती आपोआप आलेली नाही. थोरल्याने शाळा सोडली नसती तर धाकट्याच्या वाट्याला ती तितक्या लवकर आली नसती. आणि ती फार दिवस टिकतही नाही. कारण चोवीस वर्षांच्या थोरल्याचे आता लग्न होणार, आणि त्याचे स्वतःचे चक्र सुरू होणार.

थोरल्याचे बारावे वर्ष व घरच्या ओढीचा कळस हे दोन्ही एकत्र यावेत, हा या उदाहरणातला योगायोग वाटेल. परंतु दोन-तीन वर्षांच्या अंतराने चार-पाच मुले होणाऱ्या कोणत्याही घरात ते जवळपास एकत्र येतातच. कायद्याचा इतिहास याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कारखान्यात मनाई केली. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर व १९२२ मध्ये बारा वर्षांवर नेण्यात आली. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांस सहा तास काम करण्याची मुभा राहिली. १९३४ च्या कायद्याने हे तास पाच केले, आणि १९४८ च्या कायद्याने किमान वय चौदा ठरविले. प्रत्येक सुधारणेने मुलाचे गिरणीपासून रक्षण केले, यात शंका नाही. पण ज्या ओढीमुळे मूल गिरणीच्या दाराशी जात होते ती ओढ कायद्याने कमी झाली नाही. त्यामुळे मूल शाळेकडेच वळले असे झाले नाही. ते चहाच्या दुकानाकडे, खानावळीचे डबे पोचविण्याकडे किंवा घरातल्या कामाकडेही वळले.

६. ओढीची वर्षे कशी निभावली जात

चौदाव्या वर्षाच्या आसपासची ती पाच-सात वर्षे कामगार-कुटुंबे निभावीत कशी? त्यांची साधने थोडी होती, आणि प्रत्येक साधनाची किंमत घरातील कोणाला तरी चुकवावी लागे.

पहिले साधन उधारीचे. १९३६ चा वेतन-प्रदान कायदा होण्यापूर्वी महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत हाती येत नसे. म्हणून नव्याने कामावर लागलेला माणूस पहिला दीड महिना वाण्याच्या वहीवरच जगे. त्या कायद्याने पगार सात अथवा दहा दिवसांत देण्याचे बंधन घातले. तथापि वाण्याची वही बंद झाली नाही. आजारपण, बाळंतपण किंवा बदलीचे काम न मिळाल्याचे दिवस यांसाठी पठाणाकडे अथवा सावकाराकडे जावे लागे. उधारीचा अर्थ असा की, ओढीच्या वर्षांतील तूट पुढील सुस्थितीच्या वर्षांतून व्याजासह भरून द्यावयाची. थोरल्याच्या पहिल्या पगाराचा मोठा भाग जे घर चालविण्यात खर्च होत असे, ते त्या महिन्याचे घर नसे; ते मागल्या वर्षांचे घर असे.

दुसरे साधन म्हणजे गाव. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतून आलेल्या कामगाराने गावाशी संबंध तोडला नव्हता. १९२१ च्या शिरगणतीत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या घरात होत्या. याचाच अर्थ असा, की असंख्य संसार दोन चुलींत वाटलेले होते. मुंबईत भार वाढला की एक-दोन मुले आजीकडे धाडावीत, बाळंतपणाला आईने कोकणात जावे, थोडे भात व कडधान्य तिकडून यावे आणि मनिऑर्डर इकडून जावी, असा हा व्यवहार होता. त्यामुळे पाच भावंडांपैकी सर्वांचे बालपण एका ठिकाणी जाईच असे नाही. गावी वाढलेले मूल बापाला वर्षातून एकदा, गणपतीला वा शिमग्याला पाहत असे.

तिसरे साधन म्हणजे जागा. बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे ज्या २०७ चाळी बांधल्या, त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्या खोलीतही गाववाले पोटभाडेकरू ठेवले जात, किंवा घरची बाई खानावळ चालवी. कुटुंबाशिवाय राहणारे कामगार तिच्याकडे महिन्याच्या हिशेबाने जेवत. ही मिळकत पगाराच्या नोंदवहीत कोठेही येत नसली तरी ओढीच्या वर्षांत पुष्कळ घरे तिच्यावर तगली. तिची किंमत मुलांनी दिली : अभ्यासाची जागा म्हणजे जिना अथवा गॅलरी, आणि निजण्याची जागा म्हणजे पाळीवर गेलेल्या माणसाने रिकामी केलेली पथारी. खानावळवाल्या स्त्रियांची संघटना उभी राहण्यास मात्र १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

चौथे साधन म्हणजे थोरले मूल. त्याच्यासाठी समाजाने जी संस्था निर्माण केली तिचे नावच बोलके आहे : रात्रीची शाळा. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार-वस्तीत रात्रीच्या शाळा व वाचनालये चालविली. दिवसा ज्याचे हात घराने घेतले आहेत त्याच्या बुद्धीला रात्रीचे दोन तास तरी मिळावेत, ही त्यामागील दृष्टी होती. त्या दोन तासांवर काही जण शिकले, हे त्या संस्थांचे श्रेय. दिवसभर काम करून आलेल्या मुलाला तेवढेच तास शिल्लक राहत, हे त्या घरांचे वास्तव.

७. नोंदवहीत न आलेली थोरली

आतापर्यंत थोरला मुलगा गृहीत धरला. थोरली मुलगी असेल तर गणित बदलते, आणि तिचा त्याग दिसेनासा होतो.

गिरणीतील वायंडिंग व रिळिंग या खात्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. तान्हे मूल घरी ठेवून कामावर जाणाऱ्या आईपुढे दोनच मार्ग असत. एक म्हणजे अफूची बाळगोळी; १९२० च्या सुमारास झालेल्या पाहण्यांत ही चाल मुंबईच्या कामगार-वस्तीत सर्रास असल्याचे नमूद आहे. दुसरा मार्ग म्हणजे कडेवर भावंड घेऊन घर सांभाळणारी आठ-दहा वर्षांची मुलगी. या दुसऱ्या मार्गाचा हिशेब कोणत्याही पाहणीच्या रकान्यात मांडला गेला नाही. तिने नळावर नंबर लावला, भात रांधला, धाकट्याला शाळेत पोचविले. त्यामुळे आईची मजुरी किंवा खानावळ शक्य झाली. म्हणजे आईच्या कमाईतील काही हिस्सा वस्तुतः या मुलीचा होता. पण हिशेबात ती 'खाणारे तोंड' म्हणूनच राहिली.

थोरल्या मुलाला त्याच्या त्यागाचा निदान एक मोबदला मिळे : पहिल्या पगारापासून तो घरात मिळवता माणूस ठरे, आणि त्याच्या शब्दाला वजन येई. मुलगी मात्र घराचे चक्र उताराला लागण्याच्या सुमारास लग्न होऊन दुसऱ्या घरी जाई, आणि तेथे नव्या चक्राच्या चढावर उभी राही. जी सुस्थिती येण्यास तिने हातभार लावला, ती तिने क्वचितच भोगली. फॅक्टरी कायद्याने तिचे रक्षण केले नाही, कारण ती कारखान्यात नव्हती. १९२९ च्या मुंबईच्या प्रसूतिसाहाय्य कायद्याने तिच्या आईला काही दिवसांची भरपाई दिली. मुलीच्या गेलेल्या शाळेची भरपाई करणारा कायदा असणे शक्यच नव्हते. बालमजुरीविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांच्या नोकरीवर सरसकट बंदी घातली. पण शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाला मदत करण्यास तिने मुभा ठेवली. या मुभेचा अर्थ थोरल्या मुलीच्या संदर्भात लावून पाहणे उद्बोधक ठरेल.

८. वेतननीती व तोंडांची संख्या

या प्रश्नाकडे राज्यकर्ते व सुधारक यांनी दोन बाजूंनी पाहिले. एक बाजू तोंडे कमी करण्याची. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन-केंद्र उघडले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. १९३८ साली मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाच्या साधनांविषयीचा ठराव रोहम यांनी मांडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पक्षाने हा विषय मजुरांचा विषय म्हणून सभागृहात आणावा, ही घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. ठराव फेटाळला गेला.

दुसरी बाजू मजुरी वाढविण्याची. १९४७ च्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांत २६ दिवसांच्या कामास किमान मूळ वेतन ३० रुपये ठरविले. त्यावर महागाईभत्ता निराळा. पुढे १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे निकष सांगितले. एका मिळवत्यामागे तीन उपभोग-एकके धरावीत. स्त्रिया, मुले व किशोर यांची कमाई हिशेबात घेऊ नये. दरडोई वर्षाला १८ वार कापड, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा धरावा, असे त्यांचे स्वरूप होते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, वार्धक्य इत्यादींसाठी २५ टक्क्यांची भर घालावी असे म्हटले.

मुलांची कमाई धरू नये हे तत्त्व थोर होते. परंतु तीन एककांचे माप वरील नमुन्याच्या कुटुंबास लावून पाहिले, तर ४·८ एककांच्या वर्षी निकषानुसार पूर्ण वेतन मिळूनही गरजेच्या ६२·५ टक्केच भागते. जुन्या हिशेबाने बोलावयाचे तर रुपयातले दहा आणे. उरलेले सहा आणे वाण्याने, सावकाराने, गावाने आणि थोरल्या मुलाने भरावयाचे. उलट बिनलेकरांच्या जोडप्याला तेच वेतन गरजेहून अधिक होते. कामाला दाम हे तत्त्व सोडल्याशिवाय मजुरी ही तोंडे मोजून देता येत नाही. आणि तशी दिली तर मोठ्या कुटुंबाच्या माणसाला कोणी कामावरच घेणार नाही.

या पेचातून इंग्लंडने काढलेला मार्ग असा : एलिनॉर रॅथबोन यांनी १९२४ साली ग्रंथ लिहून मांडलेल्या विचाराला अनुसरून १९४५ साली कुटुंबभत्त्याचा कायदा झाला. १९४६ पासून पहिले मूल वगळून पुढील प्रत्येक मुलामागे आठवड्यास पाच शिलिंग, मालकाकडून नव्हे तर सरकारी तिजोरीतून आणि आईच्या हाती, देण्यात येऊ लागले. मजुरी कामाची, भत्ता मुलाचा, अशी ही विभागणी. भारतात कामगार-कुटुंबांसाठी असा सार्वत्रिक भत्ता आला नाही. येथे तो भत्ता घरातूनच दिला गेला; देणारा बारा-चौदा वर्षांचा होता.

९. उपसंहार

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी-कामगार सामील झाले, आणि त्यानंतर गिरणगावाचा जुना अर्थव्यवहार पुन्हा पूर्वपदावर आला नाही. तो संप सर्वांवर एकाच दिवशी आला; पण सर्व घरे चक्राच्या एकाच टप्प्यावर नव्हती. ज्या घरची तीन मुले मिळवती होती त्या घराचा संप निराळा, आणि ज्या घरचा थोरला सहावीत होता त्या घराचा निराळा. चायानॉव्हचे गुणोत्तर हाती असल्याशिवाय या दोन घरांतील फरक केवळ नशिबाचा वाटतो.

अभ्यासकांच्या दृष्टीने यातून काही व्यावहारिक सूचना निघतात. कुटुंब-पाहणीत प्राप्ती व माणसांची संख्या एवढेच विचारून भागणार नाही. प्रत्येक मुलाचा जन्मक्रम, त्याने शाळा सोडली ते वर्ष, त्याची पहिली कमाई, तो कोणत्या काळात गावी होता आणि घरात कोणाचे काम सांभाळीत होता, या गोष्टी स्वतंत्र नोंदल्या पाहिजेत. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावातील मौखिक साक्षींवर आधारलेला ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध केला. अशा साक्षींना जन्मक्रमाची जोड दिली, तर एकाच घरातील दोन भावंडांची विसंगत वाटणारी निवेदने परस्परांना पूरक ठरतील.

गरीब घरात सर्वांच्या वाट्याला सारखेच दारिद्र्य येते, असे मानणे सोयीचे असते. पण ते खरे नव्हे. हातातोंडाची गाठ घालण्यासाठी मोठ्या कुटुंबाने आपल्याच एका मुलाचे बालपण दुसऱ्याच्या बालपणासाठी खर्ची घातले. ते निष्ठुरपणाने नव्हे. त्याच्यापुढे दुसरा हातच नव्हता म्हणून. शिकलेल्या धाकट्याच्या यशाची नोंद शाळेच्या दप्तरात सापडते. त्या यशाची किंमत ज्या थोरल्याने वा थोरलीने दिली, त्यांची नोंद करणे हे पुढील संशोधनाचे काम आहे.